जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडल्यावर: आधी मोजायचं की आधी बदलायचं?

खर्ज

जुने अ‍ॅम्प्लिफायर आणि रिसीव्हर घरी दुरुस्त करणाऱ्यांत हल्ली एक रीत पडून गेली आहे. झाकण काढायचं, आतले झाडून सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे डबीसारखे भाग, बोलताना 'कॅप') उपटायचे, नवे लावायचे आणि मग प्लग लावून काय होतं ते पाहायचं. सेटला नेमकं झालंय काय, हे कुणी विचारतच नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चाळीस वर्षं झाली, कॅप गेलेच असणार."

गेले असतीलही. पण बंद सेटमध्ये एक दोष आधीच बसलेला असतो. त्यात साठ-सत्तर भाग बदलले की एखाद्याची पोलॅरिटी (धन-ऋण टोकं) उलटी लागते, कुठे जुन्या फिनोलिक बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उष्णतेने सुटून वर येतो, कुठे सोल्डरचा थेंब शेजारच्या ट्रॅकला चिकटतो. आता दोष दोन झाले, आणि मूळचा कोणता नि आपण घातलेला कोणता हे कळायला मार्ग उरला नाही. म्हणून माझा क्रम असा: सेट जसा आहे तसा मोजायचा, दोष शोधून दूर करायचा, तो वाजता झाला की मग काय बदलायचं ते सावकाश ठरवायचं.

पहिली पाहणी प्लग न लावता. फ्यूज मूळ रेटिंगचाच आहे का? (फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळलेला सापडला तर पुढे काय वाढून ठेवलंय ते समजून जा.) फुगलेले कॅप, काळवंडलेले रेझिस्टर, जळका वास, आणि विशेषतः आधी कुणी हात घातल्याच्या खुणा. स्क्रूच्या खाचा झिजल्यात, एका कोपऱ्यातलं सोल्डर बाकीपेक्षा चकचकीत आहे, तर आधी तिथे बघा. वयाने बिघडलेल्या सेटपेक्षा आधीच्या दुरुस्त्याने बिघडवलेला सेट जास्त घाम काढतो.

मग सिरीज लॅम्प. फेजच्या तारेत साधा तंतूचा बल्ब मालिकेत जोडायचा. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला ६० वॉट, मोठ्याला १०० वॉट. एलईडी किंवा सीएफएल चालत नाही, कारण इथे गरम झाल्यावर तंतूचा रोध वाढतो त्याचाच उपयोग आहे. सेट ठीक असेल तर मुख्य फिल्टर कॅप भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. तिथेच थांबायचं.

बंद केल्यावरही घाई नको. १०,००० मायक्रोफॅरडच्या कॅपमध्ये ४० व्होल्ट असताना ८ ज्यूल ऊर्जा असते. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये १०० मायक्रोफॅरडवर ४०० व्होल्ट असताना हिशेब तितकाच येतो, ८ ज्यूल. पण ४० व्होल्टला सहसा ठिणगी उडून भागतं, ४०० व्होल्ट कातडी जुमानत नाहीत. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून कॅप रिकामा करणं बंद करा. दोन किलोओहम, दहा वॉटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेशनवाल्या क्लिपा, छोट्या कॅपला काही सेकंद, १०,००० मायक्रोफॅरडला मिनिट-दीड मिनिट धरायचा आणि मग मीटरने खात्री करायची. रेझिस्टर काढल्यावर थोडा व्होल्टेज आपोआप परत चढतो, तेव्हा खात्री दोनदा.

यानंतर ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये तीन मोजमापं: दोन्ही सप्लाय रेल (धन आणि ऋण पुरवठ्याच्या तारा), स्पीकर आउटपुटवरचा डीसी ऑफसेट (शून्य हवं तिथे उरलेला डीसी व्होल्टेज) आणि आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस (सिग्नल नसतानाही त्यातून वाहणारा ठरलेला प्रवाह). या तिन्हींत निम्मं निदान होतं.

न मोजता बदलायच्या गोष्टी माझ्या यादीत फार थोड्या आहेत. मेन्सवरचा जुना कागदी एक्स कपॅसिटर, ज्याच्या पारदर्शक आवरणाला बारीक तडे गेलेले असतात (तो एक दिवस धूर काढतोच), तडकलेली मेन्स वायर, आणि बायस ठरवणारा उघडा कार्बन प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर). या प्रीसेटचा सरकता काटा सुटला तर बऱ्याच सर्किटांत आउटपुटचा प्रवाह कमाल मर्यादेला जातो आणि महागडे ट्रान्झिस्टर जातात. बंद डबीतला मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांचा) लावा आणि निश्चिंत व्हा.

बोला. मतभेद असणार हे गृहीत धरलं आहे.

सोल्डरधूर

मतभेद आहेच. इलेक्ट्रोलिटिक कॅपच्या आत द्रव असतो आणि तो रबरी बुचातून हळूहळू उडून जातो. हे मत नाही, रसायन आहे. त्या काळचा साधा कॅप ८५ अंशांना २००० तास अशा हमीचा. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. सेटच्या आत ४५ अंश धरले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज दोन तास वाजवला तर ४४ वर्षांत हिशेब संपला. सत्तरच्या दशकातला सेट आज मोजत बसण्यात काय अर्थ आहे? आज ठीक दिसलेला कॅप पुढच्या वर्षी जाईल, मग परत झाकण उघडा.

आणि काळजीपूर्वक काम केलं तर ट्रॅक उचलत नाही. एका वेळी एकच कॅप काढायचा, तोच बदलायचा, आधी फोटो काढून ठेवायचा. पोलॅरिटी चुकायचा प्रश्नच येत नाही.

खर्ज

हिशेब चोख आहे, पण तोच पुढे नेला तर माझ्या बाजूला येतो. सेटमध्ये सगळीकडे ४५ अंश नसतात. रेग्युलेटरच्या गरम रेझिस्टरला चिकटून उभा असलेला १० मायक्रोफॅरडचा कॅप ६५ अंशांत बसलेला असतो, तो ८००० तासांत, म्हणजे रोजच्या दोन तासांनी अकरा वर्षांत संपतो. ट्यूनर बोर्डाच्या थंड कोपऱ्यातला त्याचा जुळा भाऊ अजून दहा-वीस वर्षं काढेल. मग दोघांना एकच न्याय कशाला? गरम जागचे आणि छोटे कॅप आधी संशयित. ईएसआर मीटर (कॅपचा आतला रोध मोजणारा) असेल तर जागेवरच तपासता येतात, काढायचीही गरज नाही.

मोठे फिल्टर कॅप तर कित्येकदा उत्तम असतात. ते बदलताना "जागा आहे तर दुप्पट क्षमतेचा घालू" हा मोह मात्र टाळा. चालू करतानाचा झटका वाढतो आणि तो ब्रिज रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या भागाला), स्विचच्या कॉन्टॅक्टना सोसावा लागतो. व्होल्टेज रेटिंग वाढवायला हरकत नाही.

फिल्म आणि सिरॅमिक कॅपना तर हातच लावू नका. "ऑडिओ ग्रेड" म्हणून बोटाएवढे फिल्म कॅप कोंबलेले बोर्ड पाहिलेत, दया येते.

सोल्डरधूर

फिल्मच्या बाबतीत +१. बाकी माझं मत कायम.

मंद्रसप्तक

वादात पडत नाही, पण तुमची पद्धत माझ्या सेटवर लावून पाहायची आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटचा जपानी रिसीव्हर, चॅनलमागे ४० वॉट. दिवे लागतात, ट्यूनिंगचा काटा हलतो, पण चालू केल्यावर पाच-सहा सेकंदांनी रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आपोआप स्विचचा) 'टक्' आवाज यायचा तो येत नाही, आणि स्पीकर मुके. हेडफोनमधूनही काही नाही. मीटर वापरता येतो, सोल्डरिंग येतं, ऑसिलोस्कोप नाही. सुरुवात कुठून करू?

खर्ज

रिले न लागणं ही तक्रार नाही, सेट तुम्हाला काहीतरी सांगतोय. प्रोटेक्शन सर्किट आउटपुटवर डीसी आहे का ते बघतं. साधारण एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर रिले लागू देत नाही, नाहीतर स्पीकरची कॉइल जळेल. तेव्हा दोनच शक्यता: आउटपुटवर खरंच डीसी आहे, किंवा प्रोटेक्शन सर्किटच आजारी आहे.

स्पीकर काढून ठेवा. सिरीज लॅम्पवर सेट लावा आणि रिलेच्या *अलीकडे*, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर बोर्डाकडून रिलेकडे येणाऱ्या तारेवर, चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) संदर्भाने डीसी व्होल्ट मोजा. स्पीकरच्या टर्मिनलवर मोजून उपयोग नाही, रिले उघडा असल्यामुळे तिथे शून्यच दिसणार. दोन्ही चॅनल मोजा आणि दोन्ही रेलही.

मीटरचं काळं टोक क्लिपने चासीला लावा आणि एकाच हाताने मोजा. लाल टोक घसरून ट्रान्झिस्टरचे दोन पाय जोडले गेले तर एका क्षणात आउटपुट जातं. टोकाला इन्सुलेशनची नळी चढवून जेमतेम दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवा.

मंद्रसप्तक

बल्ब उजळून मंदावला. रेल +३८.४ आणि -३८.२. डावा आउटपुट १४ मिलिव्होल्ट. उजवा १.८ व्होल्ट!

सोल्डरधूर

डिफरन्शियल जोडीतला, म्हणजे इनपुटच्या दोन जुळ्यांतला, ट्रान्झिस्टर गेला. त्या काळच्या सेटमध्ये २एसए७२६ असतील तर डोळे झाकून केएसए९९२ लावा. २एससी४५८ असतील तर केएससी१८४५. पाय काळे पडलेत का बघा, ही मंडळी त्यासाठी प्रसिद्धच आहेत.

खर्ज

थांबा, थांबा. शक्यता आहे, पण अजून एक मोजमाप बाकी आहे.

रेल दोन्ही बरोबर आहेत आणि ऑफसेट रेलला चिकटलेला नाही, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट नाहीत. बरं. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डीसीसाठी गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) १ असतो. फीडबॅकच्या (आउटपुटचा अंश इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेच्या) पायातला कॅप डीसी अडवतो म्हणून. त्यामुळे इनपुटच्या बेसवर जो डीसी असेल तोच आउटपुटला येतो. तेव्हा डिफरन्शियल जोडीतल्या पहिल्या ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे जिथे सिग्नल येतो त्याच्या, बेसवर काय आहे ते मोजा. तिथून ग्राउंडला एक रेझिस्टर असेल, बहुधा ४७ किलोओहम. डाव्या चॅनलशी तुलना करा. एक चॅनल धडधाकट असताना दुसरा दुरुस्त करायला मिळणं म्हणजे उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर सोडवणं आहे.

बेसवर काही मिलिव्होल्टच असतील तर जोडी किंवा फीडबॅकचा कॅप दोषी. बेसवरही १.८ व्होल्ट असतील तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष, त्याला कुणीतरी बाहेरून डीसी खाऊ घालतंय.

मंद्रसप्तक

डावा बेस ९ मिलिव्होल्ट. उजवा बेस १.७९ व्होल्ट. रेझिस्टर दोन्हीकडे ४७ किलोओहम, आणि सेट बंद करून मोजले तर जवळपास तेवढेच भरतात.

खर्ज

आता गंमत आहे. ४७ किलोओहमवर १.७९ व्होल्ट म्हणजे ३८ मायक्रोअँपिअर कुठून तरी येताहेत. दिशा धन आहे, तर संशय धन रेलवर. ३८.४ मधून १.८ वजा करा, ३८ मायक्रोअँपिअरने भागा: साधारण ९६० किलोओहम. धन रेल आणि हा बेस यांच्यामध्ये एक मेगओहमच्या आसपासचा रोध आहे, जो सर्किटच्या नकाशात नाही.

तो दोन प्रकारे येऊ शकतो. इनपुटचा कपलिंग कॅप (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळका असेल आणि मागच्या प्रीअ‍ॅम्पकडून डीसी येत असेल. त्या कॅपचा एक पाय उचला आणि परत मोजा. तरीही १.८ राहिले तर बोर्डाकडे भिंग घेऊन बघा. मोठे कॅप हलू नयेत म्हणून लावलेला तपकिरी गोंद आहे का? नवा असताना तो फिकट पिवळा आणि इन्सुलेटर होता. उष्णतेने तो काळपट तपकिरी होतो, हवेतली ओल ओढतो, वीज वाहू लागतो आणि खालच्या तारा खातो.

बीसाइड

हा गोंद मी कॅसेट डेकमध्येही पाहिलाय. त्याखाली डायोडचा पाय हिरवा होऊन तुटला होता. वरून सगळं शाबूत दिसतं.

मंद्रसप्तक

कॅपचा पाय उचलला, १.८ तसेच. आणि गोंद आहे! उजव्या बाजूच्या १०० मायक्रोफॅरडच्या कॅपच्या बुडाशी खडकासारखा तपकिरी थर, आणि तो थेट त्या ४७ किलोओहमच्या पायापर्यंत पसरलाय. डावीकडच्या कॅपला अगदी थोडा आहे, तो कुठे पोचत नाही. काढू कसा?

खर्ज

लाकडी टोकदार काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, सोबत आयसोप्रोपिल अल्कोहोल. धातूच्या टोकाने खरवडू नका, ट्रॅकवरचा हिरवा थर निघतो. अ‍ॅसिटोनने लवकर मऊ पडतो, पण तो शेजारचं प्लॅस्टिकही खातो. कॅपखालचा गोंद काढायला कॅप उचलावाच लागेल. उचललाच आहे तर नवा लावा. (सोल्डरधूर, हसू नका.)

सोल्डरधूर

हसतोय. मी पहिल्याच दिवशी तो कॅप बदलला असता, गोंद निघाला असता, रिले लागला असता.

खर्ज

कदाचित. तुम्ही तर ट्रान्झिस्टर बदलायला सांगत होतात. आणि कॅप बदलणारे बहुतेक जण पायापुरती जागा मोकळी करतात, रेझिस्टरपर्यंत गेलेला थर तसाच राहतो. मग सत्तर कॅप बदलूनही १.८ व्होल्ट तिथेच, आणि शेवटी दोष "नशिबाचा".

मंद्रसप्तक

रिले लागला!! उजवा ऑफसेट आता १९ मिलिव्होल्ट. काढलेला १०० मायक्रोफॅरडचा कॅप सहज मोजला, १०८ भरला. एका रेझिस्टरचा पाय खाल्लेला होता, तोही बदलला. बल्ब काढून थेट मेन्सवर अर्धा तास ठेवला, हीट सिंक कोमट. आता बायस बघायचा आहे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन टेस्ट पिनांमध्ये २० मिलिव्होल्ट ठेवायला सांगितलंय.

खर्ज

झकास. त्या दोन पिनांमध्ये ०.३३ ओहमचे दोन एमिटर रेझिस्टर मालिकेत असतील, म्हणजे ०.६६ ओहमवर २० मिलिव्होल्ट, प्रवाह ३० मिलिअँपिअर. सिरीज लॅम्पवर बायस कधीच लावू नका, तिथे रेल खाली आलेले असतात. आवाज शून्यावर, स्पीकर काढलेले, सेट वीस-तीस मिनिटं तापलेला. आधी आहे तो आकडा लिहून ठेवा. मग जुना प्रीसेट काढून त्याचा रोध मोजा, नवा त्याच किमतीवर आणून बसवा आणि मग किंचित किंचित फिरवा. प्रत्येक वेळी पाचेक मिनिटं थांबा. झाकण लावल्यावर आकडा थोडा सरकतो, ते चालतं.

ऑफसेट ५० मिलिव्होल्टच्या आत आहे, तिकडे लक्ष देऊ नका. शून्याच्या मागे लागण्यात काही हशील नाही.

वाचनमात्र

खूप दिवस नुसता वाचतोय. घरात व्हॉल्व्हचा रेडिओग्राम आहे, कित्येक वर्षं बंद. बाहेरून अगदी छान. एकदा लावून पाहू का, की तोही आधी उघडायचा?

कंडेन्सरकाका

नका लावू! व्हॉल्व्हच्या सेटला "एकदा लावून पाहू" हेच शेवटचं लावणं ठरतं. इथे मी सोल्डरधूर यांच्या पक्षात आहे, पण फक्त कागदी कंडेन्सरांपुरता (कंडेन्सर म्हणजे तुमचा कपॅसिटरच).

सांगतो का ते. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या जाळीला) मागच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडकडून सिग्नल आणणारा एक छोटा कागदी कंडेन्सर असतो. त्याच्या एका बाजूला दीडशे व्होल्ट, दुसरीकडे ग्रिड. कागद ओल धरतो आणि कंडेन्सर गळू लागतो. ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहम धरा. फक्त १० मायक्रोअँपिअर गळले तरी ग्रिडवर ४.७ व्होल्ट धन येतात, जिथे शून्य असायला हवेत. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हची अ‍ॅनोडवरची मर्यादा १२ वॉट. ती ओलांडली की आतली पत्र्याची नळी, म्हणजे अ‍ॅनोड, लाल होते, व्हॉल्व्ह जातो आणि जाताना कधी कधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. एवढ्या गळतीचा रोध चौदा-पंधरा मेगओहम होतो, साध्या मीटरला तो कंडेन्सर बाहेर काढून मोजला तर ठणठणीत वाटेल, कारण मीटर दीडशे व्होल्ट लावत नाही. म्हणून कागदी कंडेन्सर मोजत बसू नका, फिल्मचे लावा. हे एवढं काम केलं की निम्मी भीती गेली.

दुसरं, मागे बघा व्हॉल्व्हची नावं काय आहेत. 'यू' ने सुरू होत असतील, यूएल८४, यूवाय८५ असे, तर त्यांचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) १०० मिलिअँपिअरच्या एकाच माळेत आहेत आणि चासी बहुधा थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली आहे. प्लग उलटा लागला की चासीवर फेज. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेट मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या) असा सेट उघडून चालवायचा नाही. जमत नसेल तर तो तसाच शोभेला ठेवा, मी गंभीरपणे सांगतोय.

सोल्डरधूर

काका, व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवत नेलं तर फिल्टर कॅपचा ऑक्साइडचा थर परत तयार होतो ना?

कंडेन्सरकाका

होतो, पण व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर व्हेरिअ‍ॅकचा उपयोग नाही. त्याचा हीटर नीट तापेपर्यंत तो वीज सोडतच नाही, आणि तापतो तेव्हा एकदम बरंच व्होल्टेज देतो. हळूहळू असं काही घडत नाही. त्यापेक्षा कंडेन्सर सर्किटपासून सोडवा, वेगळ्या डीसी सप्लायने दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून टप्प्याटप्प्याने भरा आणि प्रवाह उतरत जातो का बघा. उतरला तर ठेवा. उतरायचा थांबला आणि डबा कोमट लागला तर टाकून द्या.

आणि नवा घालताना रेक्टिफायरची मर्यादा बघा. जीझेड३४ ला पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपर्यंत, ईझेड८१ ला ५० पर्यंत. २२० मायक्रोफॅरड स्वस्तात मिळाला म्हणून घातला तर रेक्टिफायरमध्ये ठिणगी पडेल.

आणखी एक. सेटमागे मेन्सचा व्होल्टेज निवडायची चकती असते. ती २२० वर असेल आणि तुमच्याकडे २४० असेल तर ६.३ व्होल्टच्या हीटरवर ६.९ जातात. २४० चा टॅप आहे तर तो वापरा.

खर्ज

काकांचा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा इतका मोलाचा आहे. माझी यादी वाढवतो: कागदी कपॅसिटर न मोजता बदलावे.

बीसाइड

टेपवाल्यांच्या वतीने थोडं. कॅसेट डेक "फिरत नाही" म्हणून लोक मोटर बदलायला निघतात. दहापैकी आठ वेळा बेल्टचं डांबर झालेलं असतं. ते काळं चिकट प्रकरण हाताला लागलं तर चार दिवस निघत नाही, तेव्हा हातमोजे घाला आणि पुलीच्या खाचेतून अल्कोहोलने पूर्ण पुसा. खाचेत कण राहिला की नवा बेल्ट उड्या मारतो. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, तेही काढून अगदी थोडं नवं लावा. पिंच रोलर (टेप दाबून ओढणारं रबरी चाक) गुळगुळीत चकचकीत झाला असेल तर बदलाच, तो टेप खातो.

वेग तपासायला ३१५० हर्ट्झचा टोन असलेली टेस्ट टेप आणि फोनवरचा वारंवारिता मोजणारा अ‍ॅप पुरतो. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, आकडा कमी-जास्त आला तर मोटरमधल्या छिद्रातून प्रीसेट फिरवायचा. बेल्ट बदलल्यावर लगेच नको, तासभर फिरू द्या. हेडच्या शेजारचा रंग लावलेला स्क्रू मात्र टेस्ट टेपशिवाय फिरवू नका. त्याने अ‍ॅझिमथ (टेपसमोरचा हेडचा कोन) बदलतो, वरच्या पट्टीचा आवाज नाहीसा होतो आणि मूळ जागा परत सापडत नाही.

टर्नटेबलवाल्यांना एकच सूचना: ६० हर्ट्झसाठीची सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर चालवली तर ३३⅓ चे सुमारे २८ फेरे होतात. गाणी रडकी वाटली तर आधी मोटरवरची पुली बघा. आणि प्लॅटरच्या कडेचे स्ट्रोबचे ठिपके मेन्सवर मिचकणाऱ्या दिव्याखालीच स्थिर दिसतात, कित्येक एलईडी दिव्यांखाली नुसती धूसर पट्टी दिसते.

मंद्रसप्तक

बायस झाला, दोन्ही चॅनल २० मिलिव्होल्ट. सेट वाजतोय! आता दोन बारीक तक्रारी. डावा चॅनल मधूनच गायब होतो, व्हॉल्यूम जोरात फिरवला की परत येतो. आणि आवाज शून्यावर असतानाही उजवीकडे समुद्रासारखी सळसळ, अधूनमधून फट्‌फट्.

खर्ज

पहिलीचं उत्तर बहुधा टेप मॉनिटरचा स्विच किंवा रिले. स्विच आधी: वर्षानुवर्षं एकाच जागी राहिल्याने चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. सेट बंद ठेवून वीस-पंचवीस वेळा इकडे-तिकडे करा, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा *स्विचच्या आत*, परत फिरवा. व्हॉल्यूम, बॅलन्स, सगळ्यांनाच. गंज सोडवायचं साधं स्प्रे तेल वापरू नका, आणि ट्यूनरच्या पंख्यांसारख्या पात्यांच्या कॅपवर काहीच मारू नका, स्टेशनं जागा बदलतात.

आवाज वाढवल्यावरच चॅनल परत येत असेल तर रिले. कमी व्होल्टेजला काळा थर अडवतो, जास्त व्होल्टेज तो फोडून जातं. पॉलिश पेपर लावू नका, कॉन्टॅक्टवरचा मुलामा जातो. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमधून ओढा. तेवढ्याने निदान पक्कं होईल. मग त्याच कॉइल व्होल्टेजचा नवा रिले.

सळसळ व्हॉल्यूमने कमी होत नाही म्हणजे ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे. आणि इथे सोल्डरधूर यांनी सुरुवातीला सांगितलेलं बरोबर निघायची बरीच शक्यता आहे.

सोल्डरधूर

शेवटी! मंद्रसप्तक, उजव्या पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटची जोडी बघा, नंबर काय?

मंद्रसप्तक

२एसए७२६. पाय काळे कुळकुळीत.

सोल्डरधूर

केएसए९९२ दोन घ्या, खरं तर दहा घ्या आणि मीटरवर एचएफई (प्रवाह वाढवायचं प्रमाण) जुळणारे दोन निवडा. जोडी जुळलेली असली की ऑफसेटही खाली येतो. पायांचा क्रम जपानी ट्रान्झिस्टरसारखाच आहे, एमिटर-कलेक्टर-बेस, त्यामुळे थेट बसतात. कुणी बीसी५६० सुचवला तर लक्षात ठेवा, त्याचे पाय वेगळ्या क्रमाने येतात. दोन्ही चॅनलचे बदला, डावाही त्याच वयाचा आहे. बदलल्यावर ऑफसेट परत मोजा, सिरीज लॅम्पवर.

खर्ज

सहमत. हे मोजल्यानंतरचं बदलणं आहे, त्यामुळे तक्रार नाही.

आउटपुट ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली तर मात्र विश्वासातल्या ठिकाणाहूनच घ्या. धातूच्या टोपीवाले जुने नंबर आणि हायब्रिड आयसी यांच्या नकला सर्रास आहेत. वरचं नाव खरं, आतली चिप तांदळाएवढी. बसवताना अभ्रकाच्या चकतीला तडा नाही ना बघा, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर, आणि सेट चालू करण्याआधी टोपी आणि हीट सिंक यांत शॉर्ट नाही याची मीटरने खात्री.

वाचनमात्र

स्पीकरच्या कोनभोवतीचा फोम बोट लावताच भुगा झाला. हा दुरुस्त होतो की अख्खा ड्रायव्हर टाकायचा?

बीसाइड

होतो, आणि घरी करायला उत्तम. जुना फोम आणि गोंद कोनवरून धीराने खरवडा, त्या मापाची नवी कडी आणा, आधी कोनला चिकटवा, वाळल्यावर फ्रेमला. दुसऱ्या वेळी कॉइल मधोमध राहायला हवी: मधली टोपी कापून भोवती पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या घाला, किंवा टोपी न कापता ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू लावून घासल्याचा आवाज येणार नाही अशा जागी कडी दाबा. मी दुसरं करते. कडी रबराची किंवा कापडाची असेल तर सहसा काही करावं लागत नाही.

मंद्रसप्तक

चारही ट्रान्झिस्टर बदलले, सळसळ गेली. ऑफसेट डावा ६, उजवा ८ मिलिव्होल्ट. रिलेही नवा. आता झाकण लावायच्या आधी डायलची काच आतून पुसून घेते, खूप धूर बसलाय. आणि दोन दिवे गेलेत, एलईडी लावू का?

खर्ज

काच आतून पुसू नका! आकडे आणि रेषा काचेच्या मागच्या बाजूला छापलेल्या असतात, अल्कोहोलने किंवा काच पुसायच्या द्रवाने त्या कापडावर येतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, जिथे छपाई नाही तिथेच ओलसर कापूस.

एलईडीबद्दल: आधी त्या दिव्यांना एसी येतोय की डीसी आणि किती व्होल्ट, ते मोजा.

सोल्डरधूर

मोजा म्हणे. अपेक्षितच होतं. पण खरंच मोजा, काही सेटमध्ये स्टिरिओचा दिवा सर्किटचाच भाग असतो, एलईडी लावला की इंडिकेटर अर्धवट पेटून राहतो. डायलचे दिवे बहुधा ६.३ किंवा ८ व्होल्ट एसी, तिथे उबदार पांढरा एलईडी चालेल. थंड पांढरा घेतला तर हिरवा डायल निळसर दिसतो.

मंद्रसप्तक

७.९ व्होल्ट एसी. उबदार पांढरे मागवते.